सातबारा आणि फाईल

खाली जे दोघं वाद घालतात ते दीर-भावजय आहेत. घर लातूर जिल्ह्यातलं, कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर चालणारं. नावं देत नाही, कारण ही कुणी एक माणसं नव्हेत. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आवारात, धर्मशाळांच्या जिन्यांवर आणि रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसमध्ये जे बोलणं कानावर पडतं, त्यातून ती उभी केली आहेत. वहिनींच्या धाकट्याला २०१७ साली, सहाव्या वर्षी, रक्ताचा कॅन्सर निघाला. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, मुलांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा. उपचार अडीच वर्षं चालले. आज तो नववीत आहे आणि अभ्यास सोडून सगळं करतो. भाऊजी तालुक्याच्या पतसंस्थेत वसुली अधिकारी. वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊजींचे थोरले बंधू, गावात पिठाची गिरणी चालवतात. ते या संभाषणात नाहीत. हल्ली ते फारशा कुठल्याच संभाषणात नसतात.

निमित्त असं झालं, की शेजारच्या गावचा एक गृहस्थ दुपारी येऊन गेला. त्याच्या चार वर्षांच्या मुलीला तोच आजार निघालाय. त्यानं एवढंच विचारलं, “दोन एकराला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का?” भाऊजी म्हणाले, मुळीच नको. वहिनी म्हणाल्या, आधी लेकरू घेऊन निघा, बाकीचं मागनं बघा. तो चहा तसाच ठेवून गेला.

भाऊजी : तुम्ही त्याला अर्धवट सांगितलंत, वहिनी. ‘बाकीचं मागनं’ म्हणजे काय? मागनं माझ्यासारखा कुणीतरी दारात उभा राहतो. पावती पुस्तक घेऊन.

वहिनी : आणि तुम्ही काय सांगितलंत? कागद गोळा करा. लेकराच्या अंगावर निळे डाग उठलेत, हिरड्यांतनं रक्त येतंय, आणि त्यानं तलाठ्याच्या दारात बसायचं?

भाऊजी : दोन्ही एकाच दिवशी होतं. बायको पोरगी घेऊन पुढं जाईल, हा दाखला घेऊन दुसऱ्या गाडीनं. आपण काय केलं ते आठवा की. आधी टायफॉइड म्हणून सलाइन. मग पाय दुखतात म्हणून हाडाचा डॉक्टर. मग शहरातल्या त्या खासगी दवाखान्यात आयसीयू. ‘पेशी वाढल्यात’ एवढंच सांगायचे आणि रोज संध्याकाळी काउंटरवर बोलवायचे. ओढ्याकाठचं एकर तिथंच गेलं. आजाराचं नाव कळायच्या आधी गेलं. पुढच्या अडीच वर्षांत टाटाच्या बिलापोटी आपण तेवढे भरलेले नाहीत, माझ्याकडं हिशेब आहे.

वहिनी : असेल. पण त्या वेळी आपल्याला टाटा म्हणजे मिठाचा आणि ट्रकचा माहीत. कुणी सांगणारं होतं का?

भाऊजी : तेच तर म्हणतोय. आज आपण सांगणारे आहोत, तर नीट सांगू. आणि अंगाऱ्यात गेलेला आठवडा?

वहिनी : अंगारा सासूबाईंनी आणला. मोटरसायकल कोण चालवत होतं?

भाऊजी : मीच.

इथं दोघंही हसले. या आजारपणात हसण्याच्या जागा कमी असतात असं नाही, पण बाहेरच्यांसमोर हसायची चोरी वाटते, असं अनेक आयांनी बोलून दाखवलं आहे.

भाऊजींचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. ती पुढं पाच लाखांवर गेली आणि योजना सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचा निर्णय झाला. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२पासून आहे. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान सहायता निधी, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून मिळणारी ट्रस्टची मदत, हे सगळं खरोखरच आहे. आणि तरीही घरं बसतात.

भाऊजी : आपलं कार्ड पांढरं. पिवळ्या-केशरीवाल्यांनाच मिळतं असं कुणीतरी म्हणालं आणि आपण परत फिरलो. नंतर मला कळलं, चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा जोडला की योजना मिळत होती, आणि लातूर त्या चौदांत होतं. ज्या सातबाऱ्यावर उपचार मिळाला असता त्यातलाच तुकडा आपण उपचारासाठी विकून बसलो होतो. म्हणून त्याला म्हटलं, कागद आधी.

वहिनी : बरं, मिळाली समजा योजना. मग? मला सांगा, लेकराच्या आजारपणात पैसा जातो कुठं?

भाऊजी : औषधात, तपासण्यांत.

वहिनी : केमोची औषधं आपल्याला कधी जड गेली नाहीत, भाऊजी. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची औषधं आहेत ती, डॉक्टरच सांगायचे. मर्कॅप्टोप्युरीनची गोळी, आठवड्याला मेथोट्रेक्सेट, कमरेतलं इंजेक्शन. महाग असतो तो ताप. रक्तातल्या पेशींचे काउंट खाली गेले की कुठनंतरी जंतू शिरतो, मग भारीतली अँटिबायोटिक, बुरशीवरचं औषध, आयसीयू. तो ताप कधी येईल हे कुठल्या अंदाजपत्रकात बसत नाही. आणि बाकीचं तर बिलात येतच नाही. काउंट कमी म्हणून लोकलमधनं न्यायचं नाही, टॅक्सी. बाहेरचं खायचं नाही. पाणी उकळून. फळं सालीचीच, केळं नाही तर संत्रं. मास्क, थर्मामीटर, फोनचं रिचार्ज. आणि स्टेरॉइड सुरू असताना तर विचारूच नका.

वहिनी त्या रात्रींबद्दल बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि त्यांना थांबवू नये. उपचाराच्या पहिल्या टप्प्यात जवळजवळ महिनाभर रोज स्टेरॉइड असतं. मुलाचा चेहरा फुगतो, स्वभाव चिडका होतो आणि भूक अशी लागते की ती भूक वाटतच नाही. रात्री दोनला धाकटा उठून बसायचा. वरण-भात पाहिजे. तोही खिमट नको, घट्ट वरण, वर लिंबू. धर्मशाळेच्या जिन्याखाली रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारत वहिनी डाळ शिजवायच्या, पोर भिंतीला टेकून ताटलीवर चमचा वाजवत बसायचं. ताटली चाटूनपुसून झाली की पुन्हा दीड तासानं पोहे. शिळं चालत नाही म्हणून प्रत्येक वेळी ताजं. सकाळी सातला ओपीडीची रांग. वहिनींचं वजन त्या महिन्यात उतरलं आणि पोराचं वाढलं. गावी फोटो पाठवला तर सगळ्यांना वाटलं, पोर चांगलं बाळसं धरतंय.

वहिनी : हे सगळं एका बाजूला ठेवा. गिरणीचं काय?

भाऊजी : गिरणी दादानं बंद ठेवायला नको होती. माझं पहिल्यापासून हेच म्हणणं आहे.

वहिनी : कुणी चालवायची होती? तुम्ही?

भाऊजी : गडी ठेवता आला असता. मी संध्याकाळी बसलो असतो. दादा पहिले तीन-चार महिने तुमच्याबरोबर तिकडं राहिला, तोवर गावानं दुसरी गिरणी धरली. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दारी जायला लागलं की परत येत नाही. आजही दादा दुपारी रिकामा बसतो. ते नुकसान कुठल्याच ट्रस्टच्या अर्जात लिहायची सोय नाही. ‘उत्पन्न बुडालं’ असा रकानाच नसतो. म्हणून म्हणतो, एकानं गावी राहायचं. दोघं गेले की घर दोन्हीकडनं गळतं.

वहिनी : आणि मी एकटी तिथं? हिंदी येत नव्हती मला. पहिल्या रात्री फुटपाथवर झोपलो आम्ही, दोघांच्या मध्ये लेकरू घालून. नंतर गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली, दादरला. संमतीच्या कागदावर सही करायची होती. इंग्रजी कागद. तिथल्या एका बाईंनी मराठीत समजावून सांगितलं, काय काय होऊ शकतं ते. ते ऐकायला हे होते शेजारी. हे नसते तर मी सही केली असती का, मला नाही माहीत. तुम्ही गिऱ्हाइकाचं बोलता.

भाऊजी : मी गिऱ्हाइकाचं बोलतो कारण त्या गिऱ्हाइकांच्या पैशानं पुढची दोन वर्षं चालणार होती.

इथं मला मध्ये तोंड घालणं भाग आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण माझा कल वहिनींकडे आहे, आणि त्याला कारण भावनेचं नाही. या आजाराचा उपचार मध्येच सोडला तर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो. पहिल्या महिन्याभराच्या औषधांनी बहुतेक मुलांच्या रक्तातला आजार दिसेनासा होतो. पोर हसायला-खेळायला लागतं, डोक्यावर लव यायला लागते आणि गावी पेरणी तोंडावर असते. नेमकं तेव्हा घरं परत फिरतात. मुलांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेनं यासाठी व्याख्या करून ठेवली आहे, की सलग चार आठवडे किंवा जास्त काळ उपचार चुकला तर तो ‘सोडला’ असं धरायचं. २००९च्या सुमारास टाटामध्ये साधारण पाचात एक मूल असं सुटत होतं किंवा उपचार सुरूच करत नव्हतं. पुढच्या काही वर्षांत ते प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास आलं. औषधं तीच होती. बदललं ते औषधाभोवतालचं : राहायला जागा, मुलाला आहार, पैशाची तजवीज आणि तारीख चुकली की घरी फोन करणारी माणसं. टाटाच्या बाल-कर्करोग विभागातलं इम्पॅक्ट फाउंडेशन हेच काम करतं. कडल्स फाउंडेशन मुलांच्या आहाराचं बघतं. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६पासून बाहेरगावच्या कुटुंबांना उपचार संपेपर्यंत फुकट राहायला देतं, प्रत्येक घराला स्वतःची जागा आणि स्वतःची चूल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तीस टक्क्यांहूनही कमी. या दोन आकड्यांमधलं अंतर नुसतं औषधानं भरत नाही. निदानाला झालेला उशीर त्यात आहे, आणि वहिनींच्या वरणभाताचा स्टोव्हही त्यात आहे, भाऊजींची गिरणीही.

वहिनी : सेंट ज्यूडच्या त्या सेंटरात खोली मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा दार लावून झोपले. तिथं माझ्यासारख्या बाया होत्या. एक बिहारची, एक जळगावची, एक बंगालची. कुणाचे काउंट आले, कुणाचे नाही आले, यावर सगळ्या मजल्याचा स्वयंपाक ठरायचा. तिथं मी रडले. गावी फोनवर कधी रडले नाही.

भाऊजी : आणि दादा गिरणीत रडायचा. चक्की सुरू करून. दळण नसताना. मला आवाजावरनं कळायचं, रिकामी चक्की वेगळी वाजते.

वहिनी : हे तुम्ही मला आजवर कधी बोलला नाहीत.

भाऊजी : काय बोलायचं? आईनं त्याच सुमारास तुमच्या माहेराचं काढलं होतं. ‘आमच्या घराण्यात हा रोग नाही.’ दादा मध्ये एक शब्द बोलला नाही, त्याचा तुम्हाला राग होता.

वहिनी : अजून आहे. तुमच्या आईनं म्हटलं त्याचा नाही, हे गप्प बसले त्याचा. आणि मला स्वतःलाही वाटायचंच की. पोटात होता तेव्हा मी सोयाबीनवर फवारणीच्या दिवसांत रानात जायचे. तसं काही झालं का, असं डॉक्टरांना विचारायला मला वर्ष लागलं.

डॉक्टर काय म्हणाले असतील, ते वाचकांसाठी सांगतो. मुलांच्या कॅन्सरपैकी फार थोड्यांत, साधारण दहा टक्क्यांत, आनुवंशिक कारण सापडतं. बाकी बहुतेकांचं कारण कळलेलं नाही. मोठ्यांच्या कॅन्सरसारखा तंबाखू किंवा तसलं काही बोट दाखवण्याजोगं तिथं मिळत नाही, आणि आईनं काय खाल्लं, कुठं गेली, त्यामुळंच एखाद्या मुलाला तो झाला असं म्हणता येत नाही. तो लागट नाही, हेही सांगून ठेवलेलं बरं. गावात अजून अशा मुलाला वेगळी ताटली देतात. पण विज्ञानानं दोष काढून घेतला तरी आईच्या मनातून तो लगेच जात नाही. बापाच्या मनात काय असतं ते तर कुणी विचारतच नाही. आईच्या त्यागावर आपल्याकडं पुष्कळ लिहितात. बापाला मात्र पैसे किती जमले एवढंच विचारतात.

भाऊजी : पैशावरनं आठवलं. व्हिडिओची गोष्ट मी त्या दुपारच्या माणसाला सांगणार आहे.

वहिनी : नका सांगू.

भाऊजी : का नको? टकलं डोकं, नाकात नळी, हे दाखवल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत. मी केलंय ते, मला माहितीये. हसरा फोटो टाकला होता आधी, चार दिवसांत कुणी विचारलं नाही. मग तो व्हिडिओ टाकला तर दोन रात्रींत बुरशीच्या औषधाचे पैसे उभे राहिले. पुण्या-मुंबईच्या, दुबईच्या माणसांनी दिले, ज्यांनी आपलं गाव नकाशावर पाहिलेलं नाही. लाज धरायची की लेकरू?

वहिनी : मला विचारलं नव्हतंत.

भाऊजी : तुम्ही आयसीयूच्या बाहेर बसला होतात. काय विचारणार?

वहिनी : सहावीत होता तेव्हा वर्गातल्या पोरानं मोबाइलवर काढून दाखवला त्याला तो. ‘हा तूच ना?’ चार दिवस शाळेत गेला नाही. आता कुणाला काढायला सांगायचं ते? पैसे आले, औषध मिळालं, मी नाकारत नाही. पण ते लेकरू मोठं होणार आहे हे त्या व्हिडिओत कुणी धरलंच नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही.

भाऊजी : त्या रात्री नव्हतं धरलं. खरं सांगतो.

वहिनी : म्हणून म्हणते, त्या माणसाला सांगायचं असेल तर एवढं सांगा, की फाईल घेऊन आधी समाजसेवा विभागात जा. तिथनं नाहीच झालं तर मग लोकांकडं. आणि लेकराचा चेहरा दाखवायचा की नाही ते तिच्या आईला विचारा.

भाऊजी : आईला विचारलं तर कुठलीच आई हो म्हणणार नाही.

वहिनी : म्हणतील. माझ्यापेक्षा जास्त अडलेल्या पुष्कळ आहेत.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. पुढचा विषय त्यांनी काढला नाही, वहिनींनीच काढला.

वहिनी : व्हेंटिलेटरवर होता तेव्हा तुम्ही फोनवर मला विचारलंत, ‘वहिनी, कुठवर?’

भाऊजी : विचारलं. आजही विचारीन. माझी नोकरी काय आहे ठाऊक आहे ना तुम्हाला? ज्या घरात आजारपणात सगळं गेलं, त्या घरी मला पाठवतात. पुष्कळदा माणूसही गेलेलं असतं. भिंतीवर फोटो, फोटोला हार, खाली बसून बाप सांगतो, साहेब, पुढच्या हंगामात देतो. त्या घरातली धाकटी-थोरली पोरं दारातनं बघत असतात. तुमच्या घरात थोरली लेक होती. मी तिच्यासाठी विचारलं.

वहिनी : ते मला त्या रात्रीही कळलं होतं. तुम्ही चुकलात असं मी म्हणालेच नाही कधी. राग कशाचा आला सांगू? तो प्रश्न तुमच्या आधी माझ्या मनात येऊन गेला होता. मी तो लोटून लावला आणि तासाभरानं तुमचा फोन. वाटलं, माझ्या मनातलं कुणी चोरून ऐकलं.

यावर दोघंही बोलले नाहीत, आणि मलाही शहाणपण शिकवायची इच्छा नाही. एवढंच नोंदवतो, की ‘कुठवर’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही असतं. पहिल्या उपचारात झालेला जंतुसंसर्ग ही एक गोष्ट, आजार उलटून येणं ही दुसरी. पहिल्यात मूल वाचलं तर पुढचा रस्ता बहुतेक वेळा मोकळा असतो, म्हणून तिथं डॉक्टर नेटानं लढतात. दुसऱ्यात कधीकधी डॉक्टरच आईबापांना बसवून सांगतात, की आता दुखणं कमी ठेवणं हाच उपचार. हा हिशेब डॉक्टरांनी, आई आणि बाप दोघंही समोर असताना, खुर्चीत बसून मांडायचा असतो. आपल्याकडं तो बहुधा रात्री फोनवर होतो, आणि विचारणारा तो असतो ज्याच्या खिशातून पुढची रक्कम निघणार असते. मदत बिलावर मिळते, आणि बिलाबाहेरचं प्रत्येक घरात कुणा एकाला मनातल्या मनात तोलावं लागतं : हे लेकरू की ते, गिरणी की सही, एकर की आठवडा. ते तोलणंच माणसांना आतून खातं. पैसे फिटतात, कोण काय म्हणालं ते फिटत नाही.

भाऊजी : थोरलीचं मी कधी कमी पडू दिलं नाही. वह्या, फी, सहलीचे पैसेसुद्धा.

वहिनी : तुमचे आणि जाऊबाईंचे उपकार आहेत. पण ती सातवीत असताना तिला पाळी आली, ते मला महिन्यानं कळलं. रोज फोन होत होता आमचा. रोज! ती फोनवर पहिलं काय विचारायची, ठाऊक आहे? ‘आई, काउंट किती आले?’ एएनसी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, हे त्या पोरीला कळत होतं. तिचं स्वतःचं काही विचारायचं मला सुचलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

भाऊजी : दाढ दुखत होती तिची. गाल सुजला तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हणाली, काका, डॉक्टर नको, पैसे लागतील. मी तिच्यावर ओरडलो. मग बाहेर जाऊन उभा राहिलो.

वहिनी : आता एकोणीस वर्षांची झाली. कधी तक्रार नाही. मला तिचीच भीती वाटते. धाकटा भांडतो, दार आपटतो, मोबाइलसाठी उपाशी राहतो. बरं वाटतं. ही काही मागतच नाही. परवा म्हटलं, कॉलेजला जायला गाडी घेऊ का? तर म्हणे, आधी सोसायटीचं फिटू दे.

भाऊजी : सोसायटीचं तिला कुणी सांगितलं?

वहिनी : या घरात कर्जाचं कुणाला सांगावं लागतं का?

भाऊजी : त्या माणसाला किती पोरं आहेत? आपण विचारलंच नाही.

वहिनी : मी विचारलं. एक मुलगा आहे, तिच्याहून मोठा. आजोळी ठेवणार आहेत.

भाऊजी : मग उद्या फोन करतो त्याला. एकर-दोन एकराचं आत्ताच ठरवू नको म्हणतो. कार्ड आणि सातबारा पाठवून दे म्हणतो, अर्ज मी लिहितो. तुम्ही त्याच्या बायकोशी बोला. टायफॉइडच्या वगैरे जुन्या फाईली टाकू नका म्हणावं, सगळे रिपोर्ट बरोबर घ्या. दादरला उतरा, सीएसटीपर्यंत जाऊ नका.

वहिनी : आणि दोघं जा म्हणते.

भाऊजी : ते तुम्ही म्हणा. मी म्हणणार नाही.

वहिनी : नका म्हणू.

भाऊजी : धाकट्याची तपासणी कधी आहे?

वहिनी : दिवाळी झाल्यावर. उपचार संपलेल्या पोरांची ती वेगळी ओपीडी असते, तिथं. रक्त आणि हृदयाचा इको. त्या लाल औषधानं हृदयावर काही झालंय का ते वर्षा-दोन वर्षांनी बघतात. आजवर चांगलं आलंय.

भाऊजी : या खेपेला थोरलीला न्या बरोबर. इतकी वर्षं नुसतं फोनवर ऐकलंय तिनं.

वहिनी : तिची परीक्षा असेल.

भाऊजी : परीक्षा झाल्यावरची तारीख मागून घ्या. देतात ना?

वहिनी : देतात. पण धाकट्याला स्लीपरला तिकीट लागत नाही, सोबत म्हणून मला पंच्याहत्तर टक्के माफ. तिचं पूर्ण पडेल.

भाऊजी : त्याला कुठली योजना नाही. मी काढतो. तिचं आधार कार्ड पाठवून द्या माझ्या मोबाइलवर.